पहिली धार, शेवटची धार : बालाघाटचा मोह आणि स्कॉचचे वय

एखादी गोष्ट अस्सल, झणझणीत, पाणी न घातलेली आहे असे सांगायचे असले की मराठी माणूस तिला ‘पहिल्या धारेची’ म्हणतो. टीका पहिल्या धारेची असते, शिवी पहिल्या धारेची असते, कधी कधी देशभक्तीही. हा शब्दप्रयोग भट्टीवरून भाषेत आला आणि आता बोलणाऱ्याला भट्टी आठवतही नाही. ज्या प्रदेशात तो अजून शब्दशः खरा आहे त्यांपैकी एक म्हणजे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा. तिथे मोहाच्या दारूला वर्षांचे वय नसते. तिला धारेचे वय असते, आणि ते मिनिटांत मोजले जाते. स्कॉटलंडमधील एकाच डिस्टिलरीची बारा, पंधरा आणि अठरा वर्षांची व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखण्याची जी रीत जगभर आहे, तिच्याशी बालाघाटच्या भट्टीवरची ही परीक्षा ताडून पाहिली तर दोन्हींविषयी बरेच काही कळते. गोव्याच्या वाचकाला तर अधिकच, कारण त्याच्या घरी हुर्राक, फेणी आणि सिंगल माल्ट अशी तिन्ही रूपे आहेत.

बालाघाट हे नाव ‘घाटांच्या वरचा प्रदेश’ या अर्थाचे. इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून हा जिल्हा घडवला आणि १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच राहिला. लांजी, वारासिवनी, कटंगी या दक्षिणेकडील पट्ट्यात मराठी आणि पोवारी आजही कानावर पडते. खाली वैनगंगेच्या काठची भातखाचरे, वर बैहरच्या पठारावर सालाची जंगले, पलीकडे कान्हाचे अभयारण्य, मलाजखंडची तांब्याची आणि भरवेलीची मँगनीजची खाण अशी या जिल्ह्याची ओळख सांगितली जाते. पठारावरच्या गोंड आणि बैगा वस्त्यांत मात्र वर्षाची मोजदाद मोहाच्या झाडावरून होते.

मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये, पानगळ झाल्यावर. त्याचे फूल म्हणजे मलईच्या रंगाची, रसाने भरलेली जाड पाकळ्यांची कुपी. ती रात्री सुटते आणि पहाटेपर्यंत जमिनीवर सडा पडतो. तो वेचायला बायका आणि मुले अंधार असतानाच निघतात. उशीर झाला तर गुरे आणि हरणे आधी पोहोचतात, आणि अस्वलेही. अस्वलाला मोहाचे फूल माणसाइतकेच प्रिय आहे. मध्य भारतात या हंगामात अस्वलाने माणसावर हल्ला केल्याच्या बातम्या येतात त्या याच पहाटेच्या वेळेच्या. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी सवय आहे आणि तोच विस्तव कधी कधी जंगलात शिरतो. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलतात. त्याने आगही टळते आणि फुलाला मातीही लागत नाही.

वेचलेले फूल अंगणात वाळवले की आक्रसून मनुक्यासारखे तपकिरी होते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणूनच ते नुसत्या दारूचे साहित्य नाही. भाजून, उकडून, कुटून त्याचे खाद्य होते, टंचाईच्या वर्षी त्यावर घरे तगली आहेत, आणि पुढे याच झाडाच्या बियांतून, म्हणजे गुल्लीतून, तेल निघते. मोहाकडे केवळ बाटलीच्या तोंडातून पाहणाऱ्या अबकारी खात्याला ही गोष्ट शंभर वर्षे नीट उमगली नाही.

दारूसाठी वाळलेली फुले पाण्यात भिजत घालतात. विदर्भात आणि या पट्ट्यात आंबवलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. उन्हाळ्यात तो चार-पाच दिवसांत तयार होतो, थंडीत आठवडा उलटतो. धान्याची साखर करण्यासाठी स्कॉटलंडमध्ये जवाला मोड आणावे लागतात, ते वाळवावे लागतात, दळावे लागतात; मोहाच्या फुलात साखर आयती असल्याने तो सारा खटाटोप इथे गळून पडतो. सडव्याचे भांडे चुलीवर चढते, त्याच्यावर दुसरे भांडे, सर्वांत वर गार पाण्याचे. सांधे मातीने किंवा ओल्या फडक्याने लिंपलेले. वाफ वर जाते, गार तळाला लागून तिचे थेंब होतात आणि नळीवाटे बाहेर येतात. काजूची भाटी पाहिलेल्या गोंयकाराला यात अनोळखी असे फारसे काही नाही.

आता चवीकडे. भट्टीतून अगदी आधी येते ते तिखट, नाकात झिणझिण्या आणणारे द्रव्य. त्यात अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट यांसारखी हलकी, लवकर उडणारी संयुगे अधिक असतात. वास रंग पातळ करण्याच्या द्रवासारखा. स्कॉटलंडमध्ये याला डोके म्हणतात आणि ते बाजूला काढून पुन्हा भांड्यात टाकतात. त्यानंतर जी धार लागते ती पहिली धार. तिची ताकद चाळीस टक्क्यांच्या पुढे असू शकते. विस्तवावर शिंपडली तर ती निळ्या ज्योतीने पेटते आणि हीच तिची जुनी परीक्षा. मग मधली धार. मोहाच्या फुलाचा खरा गंध इथे सापडतो : मनुका, काकवी, ओल्या गवताची किंचित छटा, आणि चूल लाकडाची असल्याने मागे धुराची रेघ. सरतेशेवटी येणारी धार पाणचट, आंबूस, उकडलेल्या फुलाच्या वासाची. सडवा तळाला लागला असेल तर करपटही. याला शेपूट म्हणायचे. एकाच भट्टीची, एकाच दिवसाची, एकाच फुलाची दारू तास-दोन तासांत एवढी पालटते. व्हिस्कीच्या रसिकाला ज्यासाठी तीन बाटल्या आणि अठरा वर्षे लागतात, त्यातला धडा इथे एका सकाळी मिळतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विषारी दारूने माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या की दोष ‘गावठी’ या शब्दावर टाकला जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉल हे कारखान्यातले रसायन आहे. ते चोरून आणून पाण्यात मिसळले जाते. फुलाच्या सडव्यातून तेवढे मिथेनॉल निघत नाही. मोहाच्या भट्टीत खरे धोके वेगळे आहेत : डोके बाजूला न काढणे, गंजलेली पिंपे आणि शिशाचे डाग दिलेले सांधे वापरणे, आणि दारू ‘चढावी’ म्हणून सडव्यात नवसागर किंवा युरिया टाकणे. हे सारे विक्रीच्या घाईतून येते. घरच्या सणासाठी, देवाच्या नैवेद्यासाठी आणि मयताच्या विधीसाठी गाळणारी बाई असे करत नाही, कारण ती दारू तिच्याच घरातले लोक पिणार असतात.

गोव्यात धारेऐवजी फेरे मोजतात. काजूबोंडाचा नीरो आंबवून एकदा गाळला की हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, हंगामात ताजाच संपवायचा. पुन्हा गाळला की फेणी, चाळिशीच्या पुढची. हुर्राकाचा आणि मोहाच्या फुलाचा हंगाम जवळपास एकच आहे हा योगायोग गमतीचा. फेणी काचेच्या गराफांवात वर्षानुवर्षे राहते आणि जुन्या फेणीचे कौतुकही होते. तिचा उग्रपणा थोडा निवतो हे खरे. पण काच दारूला स्वतःचे काही देत नाही. रंग, व्हॅनिलाचा गोडवा, सुंठ-लवंगेसारखा मसाला, सुक्या मेव्याची छटा हे सारे लाकडाचे देणे असते. म्हणून गराफांवातली वीस वर्षे आणि पिंपातली वीस वर्षे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. स्कॉच बाटलीत भरली की तिचे वय थांबते. बारा वर्षांची बाटली आजोबांनी तीस वर्षे कपाटात जपली तरी ती बारा वर्षांचीच.

स्कॉचच्या वयाचे नियम कडक आहेत. ती स्कॉटलंडमध्येच, सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरली पाहिजे आणि बाटलीत तिची ताकद चाळीस टक्क्यांखाली जाता कामा नये. लेबलवरचा आकडा हा मिश्रणातल्या सर्वांत तरुण थेंबाचा असतो. ‘१२’ लिहिलेल्या बाटलीत वीस वर्षांची व्हिस्कीही असू शकते, पण अकरा वर्षे अकरा महिन्यांची नसते. गाळून आलेले ताजे मद्य सत्तर टक्क्यांच्या जवळचे आणि पाण्यासारखे रंगहीन असते, तेही धारेच्या मधल्या भागातलेच. डोके आणि शेपूट कापून हृदय तेवढे राखलेले. डोके कुठे संपते आणि शेपूट कुठे सुरू होते हा निर्णय डिस्टिलरीचा स्वभाव ठरवतो. पिंप त्यानंतरचे.

एकाच डिस्टिलरीची वेगवेगळ्या वयांची व्हिस्की चाखायला बसणाऱ्याने म्हणूनच एक सावधगिरी बाळगावी. दहा आणि अठरा वर्षांच्या बाटल्यांत फक्त आठ वर्षांचा फरक असतो असे समजू नये. ग्लेनफिडिकची पंधरा वर्षांची व्हिस्की सोलेरा पद्धतीच्या मोठ्या टाकीत मिसळली जाते, जी कधीच पुरती रिकामी केली जात नाही. तिच्या बारा वर्षांच्या बाटलीचा घडणीचा मार्गच निराळा. ग्लेनलिव्हेटच्या पंधरा वर्षांच्या व्हिस्कीला फ्रेंच ओकचा स्पर्श असतो. मग चवीतला फरक वयाचा म्हणायचा की लाकडाचा? काळाचा परिणाम तेवढा वेगळा काढायचा असेल तर ताकद सारखी असलेल्या बाटल्या निवडाव्यात. स्काय बेटावरील टॅलिस्करच्या दहा आणि अठरा वर्षांच्या बाटल्या दोन्ही ४५.८ टक्क्यांच्या आहेत, त्यामुळे ही जोडी शिकण्यास बरी. दहामध्ये धूर, मिरी, मीठ पुढे उभे राहते. अठरामध्ये धूर मागे सरकतो आणि फळे, मध, लाकूड पुढे येते. धुराची संयुगे वर्षांबरोबर क्षीण होत जातात. ज्याला धूरच आवडतो त्याने जास्त पैसे मोजून जुनी बाटली घेणे म्हणजे आपल्याच आवडीवर पाणी ओतणे.

चाखण्याचा क्रम तरुणाकडून वृद्धाकडे असावा आणि पेला तोंडाशी निमुळता. प्रथम नुसता वास, ओठ किंचित उघडे ठेवून, म्हणजे मद्यार्काचा झोत नाकाला बधिर करत नाही. मग एक घोट, मग थेंबभर पाणी आणि पुन्हा घोट. पाण्याने वास का उमलतो याचा शोध २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर घेतला. धुरकट गंध देणारा ग्वायाकॉल नावाचा रेणू सौम्य केलेल्या मद्यात पृष्ठभागाजवळ गोळा होतो आणि ताकद फार वाढली तर आत बुडतो असे त्यांना दिसले. मिश्रणकार तर व्हिस्की वीस टक्क्यांवर आणून हुंगतात. ही रीत मोहाला जशीच्या तशी लागू पडते. पहिल्या धारेच्या चमचाभर दारूत तेवढेच पाणी घातले की तिच्या उग्रपणाआड लपलेले फूल बाहेर येते.

आता उष्णतेचा प्रश्न, ज्यात गोव्याचे नाव जगाच्या नकाशावर आहे. पिंपातून दरवर्षी काही मद्य उडून जाते. त्याला देवदूतांचा वाटा म्हणण्याची प्रथा आहे. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास. कुंकळ्ळी येथे डिस्टिलरी असलेल्या पॉल जॉनने २०१२ मध्ये लंडनमध्ये आपली सिंगल माल्ट आणली तेव्हा युरोपीय समीक्षकांना हेच गणित समजावून घ्यावे लागले. दोनशे लिटरचे पिंप धरले तर स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनी त्यात सुमारे १५७ लिटर उरते, गोव्याच्या दराने ७४ लिटर. अठरा वर्षांनी तिकडे १३९, इकडे ४५. म्हणूनच बंगळुरूच्या अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची व्हिस्की बाजारात आणली तेव्हा तिला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले. भारतीय हवेत लाकूड झपाट्याने आपला रंग आणि रस सोडते, त्यामुळे पाच-सहा वर्षांची व्हिस्की रंगाने आणि अंगाने स्कॉटलंडच्या बऱ्याच जुन्या बाटलीसारखी भासते. ‘येथील एक वर्ष म्हणजे तिथली तीन’ असे सूत्र जाहिरातींतून फिरते. ते अर्धेच खरे आहे. लाकूड लवकर उतरते, पण मद्यातली संयुगे एकमेकांशी हळूहळू जुळत जातात त्या क्रियेला घाई चालत नाही. आकड्याचा मोह धरणाऱ्या ग्राहकासमोर भारतीय उत्पादकाने लेबलवर वय न लिहिणेच पसंत केले ते यामुळे.

मग मोहाला पिंपात मुरवले तर? बालाघाटचा उन्हाळा कोरडा आणि चाळीस अंशांच्या पुढे जाणारा. कोरड्या हवेत पिंपातून मद्यार्कापेक्षा पाणी लवकर उडते, म्हणजे मात्रा घटेल आणि ताकद चढेल. ओकच्या रंगाने मोह दिसायला देखणा होईल यात शंका नाही. मात्र मोहाचा सारा जीव त्याच्या फुलाच्या गंधात आहे आणि नवे ओक तो गंध झाकायला फार काळ घेत नाही. जवाच्या मद्याला लाकूड हवेच असते, कारण त्याचे स्वतःचे म्हणणे मर्यादित आहे. मोहाचे, काजूचे, द्राक्षाच्या काही ब्रँडींचे तसे नाही. फळाफुलांची उत्तम मद्ये युरोपातही बहुधा रंगहीनच विकली जातात. मोहाच्या बाटलीवर ‘बारा वर्षे’ छापण्याचा खटाटोप कुणी केलाच तर ती चांगली दारू होईलही, पण मोहाची म्हणून ओळखता येईलच असे नाही.

या चवीच्या चर्चेमागे एक जुना तंटा आहे. इंग्रजी अमलात घरगुती गाळप गुन्हा ठरले. मध्य प्रांतात आधी ठेकेदारांच्या बाहेरच्या भट्ट्या आल्या, मग सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या डिस्टिलरी. गाळणारा कलार आणि पिणारा गोंड या दोघांच्या मध्ये महसूल उभा राहिला. मुंबई इलाख्याने तर १८९२ मध्ये मोहडा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करण्यावरच बंधन घातले. जे फूल टंचाईत अन्न होते तेच बाळगणे संशयास्पद झाले. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात १९१५ चाच अबकारी कायदा चालू राहिला. आदिवासींना घरगुती वापरापुरती सवलत मिळाली, विकण्याची नाही. त्यामुळे बालाघाटच्या बाईला तिच्या फुलाचे मोल मिळते ते फुलाचेच. २०२० मध्ये राज्याने वाळलेल्या फुलासाठी किलोला ३५ रुपये दर जाहीर केला. दारूत वाढणारे मोल इतरांकडे जाते, किंवा चोरून मिळते आणि धाडीत बुडते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देण्याची घोषणा केली. अलीराजपूर आणि दिंडोरी या दोन जिल्ह्यांत बचत गटांच्या हाती छोटे कारखाने देण्यात आले आणि तिथून ‘मोंड’ व ‘मोहुलो’ या नावांच्या बाटल्या निघाल्या. बालाघाट या पहिल्या यादीत नव्हते. दिंडोरी शेजारच्याच मैकल डोंगरांतले असल्याने फूल तेच, माणसे तीच, फक्त परवाना वेगळा. गोव्याने हा रस्ता आधी चालून पाहिला आहे : काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा. त्याने फेणीची प्रतिष्ठा निश्चित वाढली, मात्र भाटीवर राबणाऱ्याच्या वाट्याला त्यातले किती आले याचा हिशेब गोव्यातही पुरता लागलेला नाही. आंध्रात गाळलेला परवानाधारक मोह २०१८ च्या सुमारास गोव्यातील दुकानांत दिसू लागला, तेव्हा मोहाच्या प्रदेशातल्या गावांत तीच वस्तू बाळगल्याबद्दल पोलीस पंचनामे करत होते.

दारूच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करून हा विषय पुरा होत नाही. बालाघाटच्या दक्षिणेला, गोंदियापलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आंदोलनातून आली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी मागणाऱ्या बाया आणि पहाटे फुले वेचणाऱ्या बाया अनेकदा एकाच घरातल्या असतात. सणाला मडकीभर गाळणे आणि रोज नवऱ्याने गुत्त्यावर मजुरी उधळणे यांतला फरक त्या नीट जाणतात. कायद्याच्या पुस्तकात मात्र दोन्हींसाठी कलम बहुधा एकच.

दरम्यान बैहरच्या पठारावर फुलांचा भाव अजूनही आठवडी बाजारात ठरतो. घरात पैसा नसतो म्हणून एप्रिलमध्ये फूल स्वस्तात विकले जाते आणि लग्नसराईत किंवा पावसाळ्यात तेच फूल व्यापाऱ्याकडून महाग परत घ्यावे लागते. ज्याच्याकडे ते कोरड्या जागी साठवण्याची सोय आहे, त्याचाच फायदा. मोहाच्या बाबतीत मुरवण्याने मोल वाढते ते आजघडीला इथेच, व्यापाऱ्याच्या गोदामात, चार-सहा महिन्यांच्या वयात.